आधी पायपीट, मग नकाशा

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, मुदत उलटून जाते. आणि मग आपल्या वस्तीतील बागेचे आरक्षण कसे उठले, तळ्याकाठची पायवाट रुंद रस्त्यात कशी गडप झाली, याचा शोध नागरिक घेऊ लागतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने सामान्य माणसाला हरकत नोंदविण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क क्षुल्लक खासच नव्हे. तथापि तो बजावावयाचा असतो नकाशा पुरा झाल्यानंतर. २०१५च्या फेब्रुवारीत बृहन्मुंबईच्या आराखड्याचा मसुदा बाहेर पडला, तेव्हा त्यातील चुकांवरून एवढा गहजब झाला की एप्रिल महिन्यात तो नव्याने तयार करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला. उभ्या वास्तूंवरून रस्ते आखले गेले होते, अशी मुख्य तक्रार होती. ज्या गल्लीवर रेघ ओढावयाची ती गल्ली आधी पायाखाली घालावी, तेथे राहणाऱ्यांचा दिनक्रम पाहावा, आणि मगच हातात पेन्सिल घ्यावी, असा हट्ट धरणारा एक विक्षिप्त स्कॉटिश पंडित शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईच्या विद्यापीठात प्राध्यापक होता. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. नगररचनेच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी आज ते उच्चारत नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. कुटुंब पुढे पर्थ शहराजवळ एका टेकडीच्या उतारावर राहावयास आले. घरामागे बाग होती, बागेपलीकडे रान होते, आणि टेकडीवरून संपूर्ण पर्थ, त्याची नदी आणि दूरवरचे डोंगर एका नजरेत सामावत. बापलेकांनी बागेत बटाटे लावावेत आणि रविवारी टेकड्या तुडवाव्यात, असा त्या घराचा शिरस्ता होता. शहर हे नदी, डोंगर आणि शेते यांच्यापासून तोडून पाहता येत नाही, ही पुढे त्यांच्या साऱ्या लेखनात भिनलेली जाणीव पुस्तकातून आलेली नव्हती.

पुस्तकी शिक्षणाशी त्यांचे फारसे जमलेच नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले आणि आठवड्याभरात सोडले. नंतर लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे धडे घेतले. पण पदवी अशी कधीच घेतली नाही. पॅरिसमध्ये असताना फ्रेदेरिक ल प्ले या फ्रेंच समाजचिंतकाच्या विचारांचा परिचय झाला. माणसाचे कुटुंब समजून घ्यावयाचे तर त्याचे ठिकाण आणि त्याचा उद्योग आधी पाहिला पाहिजे, हे ल प्ले यांचे सूत्र गेडिसनी उचलले आणि स्थळ, काम व लोक अशा त्रयीत बसविले. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी तात्पुरती गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. त्या काळात घडी घातलेल्या कागदाचे चौकोन बोटांनी चाचपीत, एकेका चौकोनात एकेक कल्पना ठेवून विचार करण्याची एक पद्धत त्यांनी बसविली, आणि जन्मभर ती चालविली. श्रोत्यांना ती कधी पुरती उमगली नाही, ही गोष्ट निराळी. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळा लावण्याचे संशोधन पूर्वीसारखे राहिले नाही. वनस्पतींचा हा अभ्यासक हळूहळू माणसांच्या वस्त्यांकडे वळला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. १८८१ ते १८८४ या काळात गेडिसनी संख्याशास्त्राचे वर्गीकरण आणि अर्थशास्त्राची मूलतत्त्वे यांवर एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचले, आणि जॉन रस्किन यांच्या अर्थविचारावर एक पुस्तिकाही लिहिली. पैशाच्या हिशेबामागे दडलेला द्रव्य आणि ऊर्जा यांचा हिशेब मांडल्याखेरीज संपत्तीची मोजदाद पुरी होत नाही, हा त्यांचा दावा. हिरवे पान हेच सर्व संपत्तीचे उगमस्थान, आणि नाणे हे त्याचे केवळ एक दूरचे चिन्ह! तत्कालीन अर्थशास्त्रज्ञांनी या मताकडे ढुंकूनही पाहिले नाही. एका वनस्पतिशास्त्रज्ञाचा छंद म्हणून ते बाजूला पडले. परंतु गेडिस यांनी पुढे बागांचा जो व्यवहार केला, तो या मताशी इमान राखणारा होता.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढच्याच वर्षी या दांपत्याने एक गोष्ट केली जी त्या काळच्या प्राध्यापकवर्गात वेडेपणाची गणली गेली असावी. एडिंबराचे सुखवस्तू लोक शतकापूर्वीच जुने शहर सोडून नव्या, सरळ रस्त्यांच्या शहरात राहावयास गेले होते. मागे उरलेल्या उंच, काळवंडलेल्या चाळींत एकेका खोलीत एकेक कुटुंब दाटीने राही. अशा वस्तीतील जेम्स कोर्ट नावाच्या चौकात गेडिस दांपत्याने बिऱ्हाड केले. वरून उपदेश करण्यापेक्षा शेजारी होऊन राहावे, हा त्यामागील विचार. चौक झाडून काढणे, भिंतींना रंग देणे, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या बसविणे, अशी कामे शेजाऱ्यांना हाताशी धरून सुरू झाली. पतीपेक्षा पत्नीच्या व्यवहारबुद्धीमुळे ती टिकली, असे मानावयास जागा आहे. कारण गेडिस यांना कल्पना सुचत असत आणि त्या निस्तरण्याचे काम बहुधा ॲनाबाईंकडे येई. विद्यार्थ्यांनी स्वतःच चालविलेले वसतिगृह, जुन्या घरांची डागडुजी, किल्ल्याच्या पायथ्याशी उभारलेली रॅम्से गार्डन ही वास्तू, अशा उपक्रमांत कर्जाचा बोजा इतका वाढला की १८९६ साली मित्रमंडळींना एक कंपनी स्थापून त्यांच्या मालमत्ता ताब्यात घ्याव्या लागल्या. ताळेबंद हा गेडिस यांचा प्रांत नव्हता.

१८८८पासून डंडी येथील कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. सुदैवाने ही जागा अशी होती की उन्हाळ्याचे एक सत्र शिकविले की उरलेले वर्ष मोकळे मिळे. ते वर्ष एडिंबराला मिळाले. १८९२ साली किल्ल्याजवळची एक जुनी मनोऱ्याची इमारत त्यांनी घेतली आणि तिला आउटलुक टॉवर हे नाव दिले. वरच्या अंधाऱ्या घुमटात, भिंगे व आरसे यांच्या साह्याने, भोवतालच्या शहराचे हलते चित्र एका पांढऱ्या मेजावर उमटे. तेथून खाली उतरावे तसतसे एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप आणि शेवटी सारे जग, अशी दालने लागत. नागरिकाने आधी आपले गाव डोळे भरून पाहावे, हा त्यातील मथितार्थ. आज या मनोऱ्याचे गेडिस यांच्याशी असलेले नाते विसरून, गंमतीची जागा म्हणून प्रवासी तेथे रांगा लावतात.

या मनोऱ्यातच वस्तीतील बागांचा तो प्रयोग जन्मला, ज्याच्यासाठी गेडिस यांचे चरित्र आज पुन्हा वाचावे. मनोऱ्याच्या कार्यकर्त्यांची मोकळ्या जागांसाठी एक समिती नेमली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या समितीने जुन्या शहरातील एकूण एक बोळ पायी हिंडून पाहिला आणि रिकाम्या जागांची मोजणी केली. दाटीवाटीने गुदमरलेल्या, तसूभर जागा मोकळी नाही असे सारे समजत असलेल्या त्या भागात पंच्याहत्तरच्या आसपास तुकडे निघाले. त्यांचे एकत्र क्षेत्रफळ भरले सुमारे १० एकर! पाडलेल्या घरांच्या जागा, दोन भिंतींमधील अडगळी, किल्ल्याच्या उतारावरचे उकिरडे, असे त्यांचे स्वरूप होते. नकाशावर यातील बहुतेक जागा दिसतच नसत, कारण नकाशा काढणाऱ्याच्या लेखी त्यांना काही उपयोगच नव्हता.

गेडिस यांची कन्या नोरा हिने या बागांची आखणी आणि देखरेख अंगावर घेतली. मोठे वास्तुशिल्प नाही, कारंजी नाहीत, संगमरवरी पुतळे तर नाहीतच. उकिरडा उपसावा, उतारावर दगडांच्या पायऱ्या बांधाव्यात, माती घालावी, झुडपे लावावीत, एखादे बाक ठेवावे आणि शेजारच्या शाळेतील मुलांना खुरपे धरावयास लावावे, इतकेच. १९१०च्या सुमारास अशा अनेक बागा उभ्या राहिल्या. वेस्ट पोर्ट या अत्यंत गरीब वस्तीतील बाग त्यांपैकीच. मुलांनी रोपे उपटली नाहीत काय? काही उपटलीही असतील. परंतु ज्या रोपाला स्वतः पाणी घातले ते उपटताना मुलाचा हात अडखळतो, हे पहारेकऱ्याच्या काठीपेक्षा स्वस्त असे संरक्षण होते.

या प्रयोगाचे अर्थशास्त्र नीट समजून घेण्यासारखे आहे. शहराच्या मध्यवर्ती भागात विस्तीर्ण उद्यान करावयाचे तर जमीन संपादन करावी लागते. तिची किंमत अफाट असते, ती वसूल करण्यासाठी कर वाढतो, आणि उद्यान झाल्यावर भोवतालची भाडी चढून ज्या गरिबांसाठी ते केले तेच तेथून उठतात. उलट, विक्रीची वाट पाहत पडून असलेल्या तुकड्यावर तात्पुरती बाग करण्यास जमिनीचा खर्च जवळजवळ शून्य येतो. तो तुकडा बाग होण्यापूर्वी कोणतेच उत्पन्न देत नव्हता. तेव्हा त्याचा त्याग करण्यात तोटा कशाचा? श्रम शेजाऱ्यांचे, देखभाल शेजाऱ्यांची. आणि चाळीपासून शंभर पावलांवर असलेल्या एक गुंठ्याच्या बागेत तान्ह्या मुलाची आई दिवसातून चार वेळा येऊ शकते. दोन मैलांवरच्या पन्नास एकरांच्या उद्यानात ती वर्षातून एकदा जाईल. उपयुक्तता क्षेत्रफळावर नव्हे, अंतरावर अवलंबून असते. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत मात्र दरडोई क्षेत्रफळाचेच आकडे तेवढे झळकतात.

या व्यवहारात एक धोकाही होता. जी बाग तात्पुरत्या परवानगीवर उभी आहे, तिच्या जमिनीला उद्या गिऱ्हाईक आले की बाग जाणार. एडिंबरातील कित्येक बागांचे पुढे तेच झाले. लोकांचा घाम होता, पण लोकांचा हक्क कागदावर नव्हता. गेडिस यांना कागदाचा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याची किंमत त्या बागांनी मोजली.

श्रीमंती थाटाची संधीही एकदा त्यांच्याकडे चालून आली होती. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचे जन्मगाव डनफर्मलिन. तेथील पिटेनक्रीफ या खासगी इस्टेटीत लहानपणी कार्नेगींच्या कुटुंबाला पाऊल टाकण्यास मज्जाव होता. मोठेपणी त्यांनी ती इस्टेटच विकत घेतली आणि १९०३ साली गावाला बहाल करून विश्वस्त मंडळ नेमले. उद्यान कसे करावे हे सांगण्यासाठी गेडिस यांना बोलावण्यात आले. त्यांनी ओढ्याच्या काठाने हिंडून भरपूर छायाचित्रे घेतली, आणि १९०४ साली एक भला मोठा ग्रंथच विश्वस्तांपुढे ठेवला. ओढा स्वच्छ करून त्याच्या कडेने पायवाटा न्याव्यात, जुनी घरे पाडू नयेत, गावाचा इतिहास त्या वाटांवरून चालताना उलगडावा, अशी ती योजना होती. सोबत संग्रहालये, कलाशाळा आणि आणखी कितीतरी इमारती होत्याच. विश्वस्त हबकले आणि योजना बासनात गेली. आज हे पुस्तक नगररचनेतील आद्य ग्रंथांत गणले जाते, ही गोष्ट खरी. पण जेम्स कोर्टमध्ये झाडू घेऊन आरंभ करणाऱ्या माणसाने येथे गावकऱ्यांऐवजी विश्वस्तांसाठी पुरा ग्रंथ आधी लिहिला, हेही खरे. स्वतःच्याच पद्धतीपासून ते ढळले तेथे त्यांच्या पदरी अपयश आले.

भारताशी त्यांचा संबंध जुळला तो एका अपघाताच्या सावलीत. देशोदेशींच्या शहरांचे नकाशे, चित्रे आणि आकृत्या यांचे एक प्रदर्शन त्यांनी अनेक वर्षे खपून जमविले होते. गेंट येथे १९१३ साली त्याचा गौरवही झाला होता. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते प्रदर्शन १९१४ साली हिंदुस्थानकडे निघाले, आणि ज्या जहाजावर ते चढविले होते ते जहाज एम्डन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. साठीला आलेला माणूस या आघाताने खचला असता. मित्रांनी घाईघाईने नवे साहित्य गोळा करून पाठविले, आणि १९१५च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेही. मग पुढील काही वर्षांत त्यांनी मद्रास इलाखा, मुंबई इलाखा, मध्य प्रांत, संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल आणि अनेक संस्थाने पालथी घातली. तंजावर, मदुरा, लाहोर, लखनौ, बलरामपूर, बडोदे, नागपूर, ढाका अशा सुमारे पन्नास शहरांवर त्यांचे लहानमोठे अहवाल आहेत.

त्या काळी नगरसुधारणा म्हणजे काय समजले जात होते, हे मुंबईकरांना सांगावयास नको. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढून हवा खेळवावयाची, हे त्याचे एक मुख्य सूत्र. इतर शहरांनीही तोच कित्ता गिरविला. रस्ता निघे, परंतु त्याच्या मार्गातील माणसे जात कोठे? ती पलीकडच्या गल्लीतील खोल्यांत कोंबली जात. तेथील भाडे आणि दाटी दोन्ही वाढत. आणि ज्या रोगासाठी हा खटाटोप केला तो रोग पत्ता बदलून मुक्काम करी. गेडिस यांनी हा हिशेब अभियंत्यांच्या तोंडावर मांडला. त्यांच्या पद्धतीला त्यांनी संरक्षक शस्त्रक्रिया असे नाव दिले होते. गल्लीतील घर अन्‌ घर पाहावे, जी दुरुस्तीपलीकडे गेली तेवढीच काढावीत, त्या जागी लहानसा चौक मोकळा करावा, तेथे झाड लावावे, विहीर उपसावी, देवळापुढची जागा झाडून घ्यावी, आणि असे चौक अरुंद पायवाटांनी एकमेकांस जोडावेत. खर्च सरळ रस्त्याच्या मानाने कित्येक पटींनी कमी येई, आणि बेघर होणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी असत. पिंपळाचा पार, देवळाचे आवार, घाटाच्या पायऱ्या ही आपल्याकडची वस्तीतील उद्यानेच होत, हे साहेबी चष्मा उतरवून पाहणारा हा विरळा साहेब.

तळ्यांच्या बाबतीत तर त्यांचा आणि आरोग्यखात्याचा उभा दावा होता. तळ्यात डास होतात, डासांनी हिवताप होतो, म्हणून तळे बुजवावे, हे खात्याचे तर्कशास्त्र. तळे उपसून स्वच्छ करावे, त्यात मासे सोडावेत, काठाने झाडे आणि चालण्याची वाट करावी, हे गेडिस यांचे. तळे गेले की विहिरींचे पाणी उतरते आणि उन्हाळा अधिक तापतो, हेही ते बजावीत. हिंदुस्थानातील किती तळी त्यानंतर बुजली आणि त्यांवर काय काय उभे राहिले, हे ज्याने त्याने आपापल्या गावात पाहावे.

याच वर्षांत त्यांच्या घरावर आघात झाले. १९१७च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलास्डेअर फ्रान्समधील रणभूमीवर पडला. ॲनाबाई त्या वेळी हिंदुस्थानात विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी गेडिसनी त्यांना कळू दिली नाही. त्याची जुनी पत्रे ते वाचून दाखवीत राहिले. जून महिन्यात ॲनाबाईही कलकत्त्यास वारल्या. ज्या बाईने तीस वर्षे या माणसाच्या कल्पनांना घराचे छप्पर दिले, ती गेली. पुढच्या काळातील त्यांच्या कामात जो एक अनावर, विस्कटलेला वेग दिसतो, त्याचे मूळ येथे असावे.

इंदूरचे काम हे त्यांच्या भारतीय वास्तव्याचे शिखर होय. होळकरांच्या या राजधानीत तुकोजीराव होळकर (तिसरे) यांची कारकीर्द चालू होती. शहर प्लेगने आणि हिवतापाने बेजार झाले होते. गेडिस पहिल्यांदा गल्ल्यांतून हिंडू लागले, तेव्हा त्यांना पाहून बायामाणसे दचकत आणि बोट दाखवून कुजबुजत. चौकशी करता कळले की हा म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो अशी लोकांची समजूत झाली आहे. नकाशे घेऊन साहेब आला की घरे पडतात, हा त्यांचा अनुभव पाहता ती समजूत अगदीच निराधार म्हणवत नाही. अशा लोकांना हरकती व सूचना मागवून काय साधणार होते?

गेडिस यांनी दरबारकडून एक दिवसाचे राजेपण मागून घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा राहणार नाही. ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे आणि अंगणे सर्वांत स्वच्छ करतील त्या गल्ल्यांतून ती जाईल, असे जाहीर करण्यात आले. घरातील कचरा फुकट वाहून नेण्याची सोय झाली. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे सहा हजारांवर गाड्या कचरा शहरातून निघाला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा प्रचंड राक्षस होता, प्लेगच्या उंदराची आणि डासांची अगडबंब सोंगे होती; मागोमाग स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार होते. अखेरीस राक्षसाचे दहन झाले आणि तुळशीची रोपे घरोघर वाटण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून त्या साहेबाला पाहून दारे लागेनाशी झाली. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात खान व सरस्वती या नद्यांची स्वच्छता, त्यांच्या काठांवरील बागा आणि फिरण्याच्या वाटा यांचा जो विस्तार आहे, त्याला त्या गल्ल्यांतून केलेल्या पायपिटीचा आधार आहे.

हे चित्र मनोहर आहे, परंतु भक्तिभावाने पाहण्याजोगे मात्र नाही. इंदूरचा लोकसहभाग हा राजाज्ञेच्या छत्राखालचा होता. महाराजांची मर्जी फिरली असती तर मिरवणूक जुन्याच रस्त्याने गेली असती. सफाई कामगारांच्या गळ्यात हार पडले, पण दुसऱ्या दिवशी झाडू त्याच हातांत होता आणि वस्ती त्याच कडेला होती. शिवाय देवळाचे आवार, गावचे तळे, विहिरीचा काठ यांना गेडिस साऱ्या समाजाची सामायिक जागा मानीत, तेव्हा त्या समाजातील कोणाला तेथे पाऊल ठेवण्याची मुभा होती, हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी येत नाही. पिटेनक्रीफच्या फाटकातून हाकलला गेलेला मुलगा त्यांना दिसला होता. पाराखाली दूर उभा राहणारा मुलगा त्या स्पष्टतेने दिसला नाही.

योगायोग असा की हा प्रश्न मुंबईत ऐरणीवर आला तेव्हा गेडिस याच शहरात प्राध्यापक होते. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग उघडला आणि त्याचे पहिले प्राध्यापकपद त्यांना दिले. १९२३च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. ठराव झाला तरी तळी खुली झाली नाहीत, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तोवर गेडिस हिंदुस्थान सोडून गेले होते. वस्तीतील बाग कोणाला विचारून आखावी, असा विचार करणाऱ्याने गेडिस यांच्या अहवालांशेजारी महाडचा इतिहास ठेवून वाचला पाहिजे. एका पुस्तकाने दुसऱ्याची उणीव भरून निघते.

प्राध्यापक म्हणून त्यांनी मुंबईत फार मोठा शिष्यवर्ग घडविला असे नाही. त्यांचे बोलणे दाढीत हरवे, विषयावरून विषयावर उडे, आणि परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी असे. तरीही मालवणचा एक संस्कृतचा पदवीधर त्या वर्गात येऊन बसला आणि त्यांच्या शिफारशीने उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. गोविंद सदाशिव घुर्ये हे ते विद्यार्थी. १९२४ साली गेडिस प्रकृती ढासळल्याने परतले, तेव्हा विभागाची धुरा घुर्यांकडे आली आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया तेथे घातला गेला. तो पाया गुरूच्या पद्धतीचा मात्र राहिला नाही. घुर्यांनी ग्रंथांकडे आणि जातिसंस्थेकडे मोहरा वळविला. गल्लीबोळ हिंडून नकाशा करण्याची विद्या मागे पडली. नगररचना अभियंत्यांच्या खात्यात गेली आणि समाजशास्त्र ग्रंथालयात, ही फारकत गेडिस यांना रुचली नसती.

उतारवयातील एक काम मात्र तडीस गेले. १९२५ साली त्यांनी तेल अवीव या वाढत्या शहराची योजना केली. मोठ्या रस्त्यांच्या चौकटीत घरांचे गट, प्रत्येक गटाच्या पोटात एक छोटी बाग, आणि त्या बागेपर्यंत जाण्यासाठी केवळ पायी चालण्याजोगी वाट, अशी ती रचना होती. एक लाख वस्तीचा अंदाज धरून केलेले ते शहर पुढे कितीतरी वाढले. २००३ साली त्याच्या मध्यभागाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फ्रान्समधील माँपेलिए येथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय आणि त्याभोवती बाग फुलविण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. १९३२च्या आरंभी त्यांना नाइट हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे भारतीय अहवाल सरकारी छापखान्यांच्या मोजक्या प्रतींत अडकून पडले होते. १९४७ साली जॅकलिन टिर्विट या विदुषीने त्यांतील निवडक भाग लंडनहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तोवर स्वतंत्र होत असलेल्या भारताचे नियोजनकार पोलाद आणि सिमेंट यांचे आकडे मांडण्यात गढले होते, आणि थोड्याच वर्षांत पंजाबच्या नव्या राजधानीसाठी काटकोनांत आखलेले नकाशे परदेशातून मागविले गेले. एडिंबरातील नोराच्या बागांपैकी काही इमारतींखाली गेल्या, काही विस्मृतीत. किल्ल्याच्या पायथ्याशी जॉन्स्टन टेरेस येथे, दगडी भिंतीआडचा एक तुकडा अजून हिरवा आहे. वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था तो सांभाळते.